डी बॅच

चष्म्याच्या दुकानात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लोक तक्ता वाचत नाहीत, पाठ म्हणतात. लायसन्ससाठी सर्टिफिकेट हवं असलेला ड्रायव्हर शेवटची बारीक ओळ घडाघडा म्हणतो, आणि मी तक्ता बदलला की माझ्याकडे असा बघतो जणू लबाडी मीच केली. त्यामुळे माझी मोठी बहीण ज्योत्स्ना पहिल्यांदा 'चाहूल'बद्दल सांगायला लागली, तेव्हा मला तिचं म्हणणं दोन मिनिटांत पटलं. आज वाटतं, जरा उशिरा पटलं असतं तर बरं झालं असतं.

ताई पुण्याला राज्य चाचणी संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होती. तिचं काम ऐकायला सोपं होतं. मुलाला परीक्षेत किती मार्क मिळाले आणि पुढे कॉलेजात त्याचं काय झालं, या दोन्हींचा मेळ किती बसतो ते बघायचं. मेळ अजिबात नसेल तर शून्य, तंतोतंत असेल तर एक. आपल्या राज्यानं परीक्षेचे सगळे प्रकार करून पाहिले होते. चारातला एक पर्याय निवडा, पानंच्या पानं उत्तर लिहा, तोंडी द्या, प्रयोग करून दाखवा. नवं सरकार आलं की आधीची पद्धत वाईट ठरायची. ताईनं लाखो मुलांचे आकडे चाळले आणि डोक्याला हात लावला.

"एकही परीक्षा अर्ध्याच्या पुढे जात नाही रे बापा," ती मला म्हणाली होती. "पर्यायवाल्या परीक्षेत क्लासचा सराव मोजल्या जाते, लेखीत पाठांतर अन् अक्षर. अन् तोंडीत तर परीक्षकाचं जेवण झालं का नाही, एवढंच मोजल्या जाते."

मग चाहूल आली. चाहूल काही विचारतच नव्हती. मुलाला एका खोलीत बसवायचं आणि कोणीही कधीही शिकलेलं नाही असं काहीतरी त्याला शिकवायचं, म्हणजे एका काल्पनिक बेटावरची मोजणी, तिथले आकडे, तिथली बेरीज. तो शिकत असताना यंत्र त्याच्याकडे बघत बसायचं. डोळे कुठं थांबतात, चूक झाल्यावर मूल मागे वळतं की पुढे रेटतं, कंटाळा आला की काय करतं. आधीच्या लाखो मुलांचं शिकणं आणि त्यांचं पुढचं आयुष्य यंत्रानं ताडून पाहिलेलं होतं. त्यावरून ते एवढंच सांगायचं, की हे मूल पदवी वेळेत पूर्ण करेल की नाही. आणि दहातून नऊ वेळा ते खरं निघायचं.

पाठ करण्यासारखं काही उरलंच नाही. दोन वर्षांत क्लासेस बसले. आमच्या चौकातल्या क्लासच्या तीनमजली इमारतीत आता मंगल कार्यालय आहे. गरिबाची, खेड्यातली पोरं सरकारी कॉलेजांत दिसायला लागली, आणि मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो की हे सगळं माझ्या बहिणीच्या ऑफिसातून निघालं आहे.

माझी मुलगी रुंजी दुकानातच वाढली. तिची आई शुभांगी शाळेत शिकवायला जायची, म्हणून ही काउंटरखाली बसून फुटक्या भिंगांशी खेळायची. भिंतीवर ऊन पडलं की भिंगं वाकडीतिकडी धरून रंग पाडायची आणि ते का पडतात म्हणून माझं डोकं खायची. मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगितलं. नववीत असताना ती मला सांगायला लागली, तेव्हा कळलं की माझं संपलं. तिला प्रकाशाचं शास्त्र शिकायचं होतं. दुसरं काही नाही.

चाहूल देऊन ती हसत बाहेर आली.

"बाबा, त्या बेटावर सात नाहीच! सहाच्या नंतर डायरेक्ट आठ. मले आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग समजलं, त्यायले सात लागतच नाही. लय मजा आली."

चाहूल मार्क सांगत नसे. प्रवेश आहे किंवा नाही, बस. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. मग आठवड्यानं फोनवर निरोप आला, प्रवेश मिळाला. शुभांगीनं आळीभर पेढे वाटले. ताई पुण्याहून मुद्दाम आली, रुंजीला जवळ घेतलं आणि नंतर दिवसभर खिडकीपाशी बसून राहिली. मला वाटलं, प्रवासानं दमली असेल.

*

कॉलेजचं नाव मी घेणार नाही. तिथल्या प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे माझ्याकडूनच चष्मे नेतात.

तिथं प्रॅक्टिकलसाठी वर्गाचे चार गट पाडलेले असत. ए, बी, सी आणि डी, रोल नंबराप्रमाणे. रुंजीचा नंबर अगदी शेवटी, म्हणजे डी बॅच. डी बॅचचं प्रॅक्टिकल शनिवारी दुपारी. शनिवारी दुपारी आपल्याकडे काय चालू असतं ते मी सांगायला नको. कायमचे प्राध्यापक घरी, प्रयोगशाळेचा सहायक कपाटाची चावी खिशात घालून गावाला, आणि शिकवायला तासिका तत्त्वावरचे एक सर, ज्यांना तासाचे पैसे मिळत आणि तेही सरकारच्या मनात येईल तेव्हा.

एका शनिवारी रुंजी कॉलेजातून सरळ दुकानात आली आणि नंबर तपासायच्या खुर्चीत धपकन बसली.

"बाबा, आमच्या बॅचचा रंगांचे कोन मोजायचा स्पेक्ट्रोमीटर हालते. ज्याच्यावर प्रिझम ठेवतात ना, ते टेबलच सरळ होत नाही. त्याच्या स्क्रूच्या आट्या गेल्या."

"दुसरा घे मग."

"दुसरा कपाटात आहे. चाबी नाही."

"सरले सांग."

"सर म्हणतात, ए बॅचच्या पोरींचं रीडिंग घे अन् लिहून टाक. सगळे तेच करून राहिले."

"अन् तू?"

"मी माझंच घेऊन राहिली. चुकीचं येते. सर म्हणतात, मग भोग."

मी तिला घरून स्क्रू देतो म्हणालो, आणि दिलाही. पण कॉलेजच्या उपकरणाला बाहेरचा स्क्रू लावायला परवानगी लागते म्हणे, आणि परवानगी देणारा माणूस शनिवारी नसतो.

पहिल्या सेमिस्टरला रुंजीचे दोन विषय राहिले. आमच्या काळी एटीकेटी म्हणजे काही लाजेची गोष्ट नव्हती. नापास विषय डोक्यावर घेऊन लोक मजेत पुढच्या वर्गात बसायचे, त्यातलेच काही पुढे आमदार झाले. पण चाहूल आल्यापासून हिशेबच बदलला होता. निवडलेलं मूल नापास होतच नाही म्हटल्यावर नापासांसाठी सवलत कशाला ठेवायची? एक वर्ष पूर्ण गेलं की जागा गेली.

मी घाबरलो, आणि घाबरलेला बाप जे करतो ते केलं. तिला त्याच खुर्चीत बसवलं आणि आवाज चढवला.

"हे पाय रुंजी. चाहूल चुकत नाही. तिनं तुले निवडलं, म्हणजे तुले येते. येत असून होत नाही, म्हणजे तू करत नाही. दुसरं काय समजू मी?"

उत्तर देता येण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिनं फोन आईकडे देऊन टाकला, मैत्रिणींकडे जाणं सोडलं, आणि भिंगं काउंटरखालच्या डब्यात भरून झाकण लावलं. ती अभ्यास करत होती, हे मला दिसत होतं. पण मला वाटायचं, आणखी केला पाहिजे.

*

वर्षअखेरच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मला कॉलेजातून फोन आला. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता आणि काडी हातात आली होती. लगेच या, म्हणाले. मी पेटी घेऊन गेलो.

परीक्षक एका मोठ्या टेबलापाशी बसले होते. समोर पोह्यांच्या ताटल्या, चहाचे कप, आणि शेजारी कॉलेजचे विभागप्रमुख. मी खिडकीपाशी उजेडात बसून काडी लावू लागलो. मुलं एकेक करून येत होती. कोणी येण्याआधी विभागप्रमुख परीक्षकांच्या कानाशी वाकायचे. ए बॅचच्या मुलीच्या वेळी म्हणाले, "ही आमची फार हुशार मुलगी आहे सर." ती अडखळली तेव्हा परीक्षक हसून म्हणाले, "घाबरू नकोस, तुला येतंय." आणि तिला खरंच आलं.

दुपार कलली. परीक्षकांना गाडी गाठायची होती.

"आता शेवटची बॅच, सर," विभागप्रमुख म्हणाले. "वरून आलेली आहेत ही मुलं. पहिली यादी लागून गेल्यावर मुंबईहून वेगळी नावं आली, कारण काही दिलेलं नाही. आपण समजून घ्यायचं. मंत्र्याची बॅच म्हणतो आम्ही हिला. उगाच वेळ घालवू नका."

परीक्षक समजल्यासारखे हसले. मीही हसलो. वशिल्याच्या पोरांवर कोण हसत नाही? आणि मग दारातून रुंजी आत आली.

"सर, ही माझी पोरगी," माझ्या तोंडून निघून गेलं.

विभागप्रमुखांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नजरेत नवीनच आदर होता. "काय सांगता धोटे! तुमची वरपर्यंत एवढी ओळख आहे, कधी बोलला नाहीत."

मला काही कळलं नाही. मी काडी घट्ट करून चष्मा परीक्षकांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला, खिडकीबाहेर बघितलं आणि खूश झाले. रुंजी वही छातीशी धरून उभी होती. तिनं हलणाऱ्या टेबलाखाली कागदाच्या घड्या घालून, प्रत्येक वेळी पुन्हा सरळ करून, स्वतःची रीडिंग घेतली होती. परीक्षकांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"वडिलांचा हात छान आहे हो," ते म्हणाले. "जा बाळ, झालं तुझं."

घरी येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती.

"बाबा, त्यांनी मले एकही प्रश्न नाही विचारला."

"बरं झालं ना मग!"

"मी सांगणार होती टेबल काऊन हालते ते. किती चूक येते त्याच्यानं, तेबी काढलं होतं मी."

प्रॅक्टिकलला तिला भरपूर मार्क पडले. वर्षभरातला तो एकच विषय चांगल्या मार्कांनी सुटला. बाकी तीन विषयांत ती राहिली, म्हणजे वर्ष गेलं.

*

निकालानंतर आठवड्याभरात ताई आली. सकाळी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. स्टुलावर बसली आणि म्हणाली, शटर अर्धं ओढ.

"प्रफुल, तुले एक सांगायचं आहे. रुंजी चाहूलमध्ये बसली नव्हती."

मी म्हटलं, मीच तर तिला सोडायला गेलो होतो.

"तसं नाही. यंत्रानं तिले नाही म्हटलं होतं. ती सोडतीत आली."

मग तिनं मला जे सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. एखादी परीक्षा खरी आहे की नाही हे कसं ठरवणार? जे निवडले ते पास झाले, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. ज्यांना नाकारलं त्यांचं काय झालं असतं, हे कळायला हवं. जे बी पेरलंच नाही, ते उगवलं नसतंच असं कोण म्हणू शकेल? म्हणून चाहूल सुरू करताना ताईनंच हट्ट धरून एक नियम करून घेतला होता. दर वर्षी यंत्रानं नाकारलेल्या मुलांतून सोडत काढायची, आणि त्यात नाव निघालेल्यांना गुपचूप प्रवेश द्यायचा. मुलांना सांगायचं नाही, आईबापांना नाही, कॉलेजला तर नाहीच. सगळे त्यांना बाकीच्यांसारखंच वागवतील. ती मुलं नापास झाली तर यंत्र खरं, पास झाली तर यंत्र खोटं.

"अन् दर वर्षी ते नापासच झाले," ताई म्हणाली. "म्हणून तर म्हणत होतो आम्ही, दहातून नऊ वेळा बरोबर."

मी हातातली फ्रेम काउंटरवर आपटली.

"तू पेढे खाल्ले माझ्या घरी. माझ्या पोरीले पेरून पाहिलं तू, अन् पेढे खाल्ले?"

"सोडतीत मी नाव नाही टाकलं रे तिचं. ते आपोआप निघालं. यादी हातात आली तेव्हा दिसलं मले."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर ती वेगळी वागली असती. तू वेगळा वागला असता. मग मोजलं काय असतं आम्ही?" ती म्हणाली. "अन् मले वाटलं, आपली रुंजी आहे. ती होईल पास. ती होऊन दाखवेल."

मी पाणी प्यायलो. तिलाही दिलं. मग ती खरं ज्यासाठी आली होती ते बोलली. रुंजीमुळे तिनं पहिल्यांदा आकडे सोडून कॉलेजात काय चालतं याची चौकशी केली होती. शुभांगीला विचारलं, रुंजीला फोनवर बोलतं केलं, आणखी चारदोन कॉलेजांतल्या ओळखीच्यांना विचारलं. सगळीकडे एकच गोष्ट. सोडतीची नावं पहिली यादी लागल्यावर वेगळी पोचायची, मुंबईहून, कारण न देता. गुप्तता पाळण्यासाठीच तसं केलं होतं. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात उशिरा आलेल्या, कारण नसलेल्या यादीचा अर्थ एकच होतो. नावं तळाशी जोडायची, शेवटचे रोल नंबर द्यायचे, शेवटच्या बॅचमध्ये टाकायचं आणि त्यांच्या नादी लागायचं नाही. राज्यातली सगळ्यात बिनवशिल्याची मुलं जागोजागी वशिल्याची म्हणून ओळखली जात होती.

"थोड्या कॉलेजांत जुनं सॉफ्टवेअर आहे," ताई म्हणाली. "ते रोल नंबर आडनावाप्रमाणे टाकते. तिथं ही पोरं चारही बॅचमध्ये विखुरली. प्रफुल, तिथं ते बाकीच्यांएवढेच पास झाले. तेवढेच. काही फरक नाही. यंत्रानं ज्यायले नाही म्हटलं होतं, ते."

"म्हणजे यंत्र खोटं?"

"निदान अर्धं तरी खोटं. त्यानं काही ओळखलं नाही. त्यानं नाही म्हटलं, अन् आपण ते खरं करून दाखवलं."

तिला हे संस्थेच्या समितीपुढे मांडायचं होतं. समितीनं मानलं तर सोडतीच्या सगळ्या मुलांना नव्यानं एक वर्ष मिळेल, विखुरलेल्या बॅचमध्ये. रुंजीची जागा वाचेल. फक्त तोवर रुंजीला कळू द्यायचं नव्हतं. तिची साक्ष लागलीच, तर ती शिकवलेली वाटायला नको.

मी हो म्हणालो. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. रुंजी समोर बसून फ्रेमा पुसायची, आणि माझ्या जिभेच्या टोकावर सगळं यायचं. एकदा तिनंच विचारलं, "बाबा, चाहूल चुकली असेल का माझ्या बाबतीत?" मी म्हटलं, "थांब जरा. आत्या येऊन राहिली." एवढंच.

*

समितीचा निर्णय झाला त्या दुपारी ताईचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा विचित्र दिसत होता, हसल्यासारखा.

"मान्य केलं त्यांनी," ती म्हणाली. "सगळं मान्य केलं. अध्यक्ष म्हणाले, इतकं चोख काम संस्थेत कोणी केलं नाही."

"मग? रुंजीचं वर्ष?"

"ते म्हणतात, सोडतीचा गट बिघडलेला आहे हे मीच दाखवून दिलं. बिघडलेल्या गटावरून काही सिद्ध होत नाही. यंत्र खरं आहे हेबी नाही, अन् खोटं आहे हेबी नाही. मग असा गट ठेवायचा कशाले? बंद केली सोडत. पुढच्या वर्षीपासून फक्त यंत्र."

"अन् आमची पोरगी?"

"नापास ते नापास. नियम आहे म्हणे." मग तिच्या चेहऱ्यावरचं ते हसल्यासारखं गेलं. "मी तपासायचं दार उघडं ठेवलं होतं प्रफुल. माझ्याच हातानं लावून घेतलं मी."

मी काही बोलण्याआधीच मागे फ्रेमा पडल्याचा आवाज आला. रुंजी दुकानाच्या आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात आईचा फोन होता, आणि फोनवर संस्थेचा निरोप. आपली निवड पडताळणीसाठी करण्यात आली होती. पडताळणी समाप्त झाली आहे. आपल्या सहभागाबद्दल संस्था आभारी आहे.

*

दिवाळीत ताई आली. तिनं नोकरी सोडली होती. कुठूनसा जुना स्पेक्ट्रोमीटर मिळवून आणला होता, चांगला पितळी, घट्ट स्क्रूचा. तो तिनं आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, पिवळा दिवा लावला आणि रुंजीला म्हणाली, "लाव बरं."

रुंजीनं लावला. प्रिझम ठेवला, टेबल सरळ केलं, दुर्बीण फिरवली, आणि आम्हाला बघायला बोलावलं. मी डोळा लावला. काळ्यात एक पिवळी रेघ, अगदी केसाएवढी बारीक. शुभांगीनं पाहिली. ताईनं पाहिली आणि माझ्याकडे वळली.

"दिसते तुले? हे ज्या पोरीले येते, तिले फिजिक्स येत नाही म्हणतात ते लोक!"

"हे कोणालेही येते, आत्या," रुंजी शांतपणे म्हणाली. "यंत्र चांगलं असलं का येतेच."

"तेच तर सांगून राहिली मी! तुले यंत्र चांगलं नव्हतं दिलं. सर नव्हते दिले. पेपर तपासणाऱ्यांनीबी शेवटचे नंबर पाहून आधीच ठरवलं होतं."

"प्रॅक्टिकलले तर मार्क दिले होते ना."

"मग?"

"ते बाबांच्या स्क्रूचे होते." तिनं दिवा बंद केला. "आत्या, मी वर्षभर काय विचार करून राहिली, माहीत आहे तुले? का मले येते, चाहूल चुकत नाही, मग मी काऊन नापास होऊन राहिली. मी आळशी आहे का, मी लबाड आहे का. डोकं फुटायची वेळ आली होती. त्या निरोपानं मोकळी झाली मी. म्हटलं, बरोबर. यंत्रानं पहिलेच नाही म्हटलं होतं. त्याले माहीत होतं, अन् तुले माहीत होतं. एक मलेच माहीत नव्हतं."

"त्याले नव्हतं माहीत, रुंजी! कॉलेजात काय झालं ते पाय ना. जिथं आडनावानं नंबर टाकले, तिथं..."

"ते पोरं हुशार असतील."

ताईकडे सगळे आकडे होते. रुंजीला एकही नको होता.

"मी रागावली नाही तुझ्यावर," रुंजी म्हणाली. "फक्त पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, तर वर्ष वाचलं असतं."

ताई दुसऱ्या दिवशी गेली. स्पेक्ट्रोमीटर इथंच राहिला. तो कपाटावर आहे, कापड टाकून.

*

आता रुंजी दुकानात माझ्याबरोबर असते. धंदा वाढला आहे, खोटं का सांगू. सोडत बंद झाल्यापासून चाहूल जवळजवळ चुकतच नाही म्हणतात. चुकेल कशी? जे आत येतच नाहीत, ते पास होऊन दाखवणार कुठून? हे मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा ते मान हलवतात आणि फ्रेमचा भाव विचारतात. सरकारनं चाहूल आता चौथीपासून लावली आहे, पोरांचा वेळ आणि पैसा वाया जाऊ नये म्हणून. यंत्र डोळ्यांवरून ओळखतं हे सगळ्यांना कळलं आहे, त्यामुळे चाहूलच्या आधी आईबाप पोरांना नंबर तपासायला घेऊन येतात. माझं दुकान भरून जातं.

परवा एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. आठ-नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या, पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. रुंजी तिच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवून काचा बदलत होती. मी काउंटरवर दुसऱ्या कोणाच्या चष्म्याची काडी गरम करत होतो.

"ताई, चाहूल अवघड असते का?" पोरीनं रुंजीला विचारलं.

"नाही ग. मजा येते. एक बेट असते, तिथं सात नसतोच."

"अन् मी चुकली तर?"

"चुकली तर चुकली. त्याले तुझं सगळं आतलं दिसते. नसलं तुझ्यात, तर आताच समजून जाईल. मोठं झाल्यावर समजण्यापेक्षा बरं असते ते."

"तुझं काय आलं होतं?"

"'नाही' आलं होतं," रुंजी काच पुसत म्हणाली. "बरोबर होतं त्याचं."

पोरीची आई समजूतदारपणे हसली. मला ओरडावंसं वाटलं, की खोटं आहे, बरोबर नव्हतं त्याचं, तुझं बरोबर होतं. पण ती पोर ज्या खुर्चीत बसली होती, त्याच खुर्चीत रुंजीला बसवून मी तिला सांगितलं होतं, की चाहूल चुकत नाही. तिनं माझं ऐकलं होतं. मी काडी वाकवून पाण्यात घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.